टीम लीड झाले, पण सगळं काम अजून मीच करतेय

शेंगाचटणी

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे नुसती वाचत आलेय, धागा पहिल्यांदाच काढतेय. जरा लांबलाय, सांभाळून घ्या.

मी मूळची सोलापूरची, वय २६. हिंजवडीत आयटी कंपनीत चार वर्षं झाली. एप्रिलमध्ये मला टीम लीड केलं. टीममध्ये सहा जण, त्यातले दोघं फ्रेशर. घरी पेढे वाटले. आईने शेजारच्या काकूंना "आता हिच्या हाताखाली माणसं आहेत" असं सांगितलं तेव्हा मला खरंच भरून आलं होतं.

आता चार महिने होतील. रोज रात्री साडेअकरा-बारापर्यंत माझा लॅपटॉप उघडा असतो. दुसऱ्याने केलेलं काम मला पटतच नाही. दिवसा मुलांचा कोड रिव्ह्यूला, म्हणजे तपासायला, माझ्याकडे येतो, मी दोन ओळींची कमेंट टाकते आणि रात्री बसून तो भाग स्वतःच नव्याने लिहून टाकते. समजावत बसण्यापेक्षा ते लवकर होतं. क्लायंट खूश, मॅनेजर खूश. मी मात्र शनिवारी दुपारपर्यंत उठत नाही आणि रविवारी संध्याकाळपासून छातीत धडधडायला लागतं.

मागच्या गुरुवारी दोन फ्रेशरपैकी एकाला मी जरा चिडूनच विचारलं, की हीच चूक तिसऱ्यांदा कशी काय होते? तो लातूरकडचा आहे, मेहनती आहे. खाली बघत म्हणाला, "मॅम, रात्री तुम्ही सगळं बदलणारच असता. मग मी कितीही नीट लिहिलं तरी काय उपयोग?"

तो उद्धटपणे बोलला नाही, मनातलं बोलला. त्या रात्री मला झोप लागली नाही.

मी कॉलेजात कधी सीआर (वर्गप्रतिनिधी) नव्हते, गॅदरिंगच्या कुठल्या कमिटीत नव्हते. अभ्यास केला, मार्क मिळवले, कॅम्पसमधून नोकरी लागली. माणसं सांभाळायची वेळच आली नाही. हे आता या वयात शिकता येतं का? कुठून सुरुवात करू? यातून गेलेलं कोणी असेल तर कृपया लिहा.

गवतीचहा

आधी एक काम करा. रात्री दुसऱ्याचा कोड बदलणं आजपासून बंद. बाकीचं नंतर बोलू.

मुक्कामपोस्ट

सेम पिंच. मी बँकेत आहे, सहा महिन्यांपूर्वी शाखेत ऑफिसर झाले. क्लार्क मंडळी माझ्यापेक्षा वीस वर्षांनी मोठी. त्यांना काम सांगायला जीभ रेटत नाही म्हणून मीच करत बसते. धागा वाचतेय.

ओढ्याकाठी

शेंगाचटणी, तू माझ्या विद्यार्थ्यांच्या वयाची आहेस म्हणून अगंतुगं करतो, चालेल ना?

मी कॉलेजात शिकवायचो, आता निवृत्त आहे. त्यातली अकरा वर्षं राष्ट्रीय सेवा योजनेचा कार्यक्रम अधिकारी होतो. एनएसएस म्हटलं की लोकांना झाडू आणि टोप्या आठवतात. १९६९ च्या २४ सप्टेंबरला, गांधीजींच्या जन्मशताब्दी वर्षात, ३७ विद्यापीठांत ४० हजार मुलांना घेऊन ही योजना सुरू झाली. दोन वर्षांत २४० तास काम आणि एक सात दिवसांचं शिबिर. पुष्कळ मुलं गुणांसाठी येतात, मला ते ठाऊक होतं. पण त्या सात दिवसांत मी मुलांना जितकं बदलताना पाहिलं तितकं वर्गात कधी पाहिलं नाही.

एका शिबिराची गोष्ट सांगतो. दिवाळीनंतरचं शिबिर, गावाच्या ओढ्याला पाणी वाहत होतं. त्यावर वनराई बंधारा घालायचा होता. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: सिमेंटची रिकामी पोती गोळा करायची, त्यात माती-वाळू भरायची, दाभण-सुतळीने तोंड शिवायचं आणि ओढ्यात आडवी रचत जायची. विटांच्या बांधकामात करतात तसे सांधे मोडत रचायची आणि फटींत चिकण माती ठासायची. पैसे जवळपास लागत नाहीत, अंगमेहनत लागते. रब्बीला आणि गावातल्या जनावरांना तेवढाच आधार.

गटाचा प्रमुख म्हणून मी एक मुलगा निवडला होता. शेतकऱ्याचा पोरगा, अंगाने दणकट, कामाला वाघ. पहिल्या दिवसापासून तो ओढ्यात गुडघाभर पाण्यात उभा. प्रत्येक पोतं स्वतः उचलायचा, स्वतः ठेवायचा. दुसऱ्याने ठेवलेलं उचलून परत नीट लावायचा. मला त्याचं फार कौतुक वाटत होतं. तिसऱ्या दिवशी दुपारी गेलो तर तो आणि दोन मित्र ओढ्यात आणि पस्तीस मुलं-मुली बाभळीखाली बसलेली. कोणी भांडलं नव्हतं, कोणी रुसलं नव्हतं. त्यांची तिथे गरज नाही हे त्यांना कळलं होतं, एवढंच.

रात्री त्याला बाजूला घेतलं. म्हटलं, उद्या दिवसभर पोत्याला हात लावायचा नाही, काठावर उभं राहायचं. तो जवळजवळ रडायला आला. "सर, मग मी करू काय?" म्हटलं, बघ. आणि कोणाला काय हवंय ते विचार.

दुसऱ्या दिवशी सकाळचे दोन तास भयंकर गेले. रांग वाकडी झाली, एक थर पाडून परत घालावा लागला. त्याच्या हाताच्या मुठी वळत होत्या, मी पाहत होतो. मग तो पोती भरणाऱ्या गटाकडे गेला. तिथे एक मुलगी होती, तीन दिवसांत तिचा आवाज आम्ही ऐकला नव्हता. त्याने विचारल्यावर ती म्हणाली, पोती फार गच्च भरली जातायत. गच्च पोतं गोल होतं, एकमेकांवर बसत नाही, मधून पाणी पळतं. थोडी रिकामी ठेवली तर चपटी होऊन अंगाला अंग लावून बसतील.

तीन दिवस रांग का हलते याचं उत्तर तिच्याकडे होतं. पोती उचलण्यात दंग असल्यामुळे ते ऐकायला कोणी मोकळंच नव्हतं.

बंधारा सहाव्या दिवशी अडला. अडला म्हणजे पाणी अडलं. त्या मुलीला पुढच्या वर्षी मी गटप्रमुख केलं.

तुझा लातूरचा मुलगा तुला तेच सांगतोय, बाळा. तो बाभळीखाली जाऊन बसलाय. उठून येईल, फार उशीर झालेला नाही.

शेंगाचटणी

सर, दोनदा वाचलं. बाभळीखाली बसलेल्या मुलांचं वाचून पोटात कालवलं. माझ्या टीममधले चार जण तिथेच आहेत.

मध्यरेषा

सर्वांचा आदर ठेवून थोडं वेगळं लिहितो. मी बारा वर्षं याच धंद्यात आहे, सध्या मॅनेजर.

काम सोपवा हे बोलायला सोपं आहे. रात्री प्रोडक्शनमध्ये, म्हणजे क्लायंटच्या चालू सिस्टिममध्ये, काही कोसळलं की मेल लीडच्या नावाने येतो, फ्रेशरच्या नाही. शिबिरात एक थर पाडून परत घालता येतो, पण क्लायंटच्या सिस्टिममध्ये तसं नेहमी करता येत नाही. लीडला टीमही सांभाळायला लावतात आणि स्वतःचं कोडिंगही पूर्वीइतकंच धरतात, हा कंपन्यांचा सरळ अन्याय आहे. ताई त्याला आपली उणीव समजतायत, ते मला पटत नाही.

म्हणून माझा सल्ला: मॅनेजरकडे जा आणि वेळ मागा. अंदाज देताना ‘हे मी केलं तर एक दिवस’ असा आकडा देऊ नका. ज्याला काम देणार आहात त्याला किती लागेल तो आकडा द्या, वर शिकवण्याचा वेळ धरा. हे आकडे पहिल्या आठवड्यात नकोसे वाटतील. पण तुम्ही रात्री जागून काम उरकता तेव्हा मॅनेजरला वाटतं टीम व्यवस्थित चाललीय. त्याला खरी परिस्थिती कळतच नाही. मी स्वतः माझ्या एका लीडच्या बाबतीत असा आंधळा राहिलो होतो. तिने राजीनामा दिला तेव्हा मला कळलं की आठ महिने ती दोन माणसांचं काम करत होती. अजून खंत वाटते.

ओढ्याकाठी

मध्यरेषा, तुमचं म्हणणं बरोबर आहे. म्हणूनच मी त्या मुलाला धरणावर नाही, ओढ्यावर शिकवलं. पडलं तरी निभावेल असं काम आधी सोपवायचं. कुठलं काम ओढा आहे आणि कुठलं धरण, हे ओळखणं लीडचं काम.

डोंगरमाथा

ट्रेकवाल्यांकडून चार शब्द.

आमच्याकडे नवीन पोरगा लीडर झाला की पहिली चूक एकच करतो. सगळ्यात पुढे सुसाट चालतो. त्याला वाट माहीत असते, दम असतो, मागचे लोक आपोआप येतील असं वाटतं. अर्ध्या तासात ग्रुपचे तीन तुकडे पडतात आणि मधल्या तुकड्याची वाट चुकते. म्हणून पुढे एक वाट दाखवणारा, अगदी शेवटी एक अनुभवी ‘टेल’, आणि वेग सगळ्यात हळू चालणाऱ्याचा. मागच्यामागे कोणी राहिलं नाही ना, हे टेलला ठाऊक असतं. मी लीडर असलो की अवघड टप्प्यावर मुद्दाम शेवटी राहतो.

मोठं उदाहरण द्यायचं तर पुण्याच्या गिरिप्रेमी या गिर्यारोहण संस्थेचं. १५ मे २०१९ ला त्यांच्या मोहिमेतले दहा गिर्यारोहक कांचनजुंगावर पोचले. ८,५८६ मीटर, जगातलं तिसरं उंच शिखर. मोहिमेचे नेते उमेश झिरपे. शिखरावर पोचलेल्या दहांत नेता नाही. दोर, प्राणवायू, हवामानाचा अंदाज, कोणाला कधी वर सोडायचं, कोणाला परत बोलवायचं, असला सगळा हिशोब अशा मोहिमेत नेत्याकडे असतो. आणि तो डोकं शांत ठेवून खालून करावा लागतो. मला त्या दहा जणांइतकाच त्या माणसाचा अभिमान वाटतो.

तुम्ही चांगल्या चढाईपटू आहात म्हणून तुम्हाला लीड केलंय, आणि आता वर चढायचंय ते टीमने. हे पचायला वर्ष लागतं. मला दोन लागली.

कृष्णाकाठ_२१

सगळ्यांचे प्रतिसाद भारी. मी इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे, सांगलीत. मला नोकरी लागायच्या आधीच हे शिकायचंय, पण मी बोलायला फार घाबरतो. चार लोकांसमोर उभा राहिलो की आवाज कापतो. इंटरव्ह्यूला हमखास विचारतात की नेतृत्वाचं उदाहरण सांगा. माझ्याकडे एकही नाही. लीडर व्हायचं म्हणजे भाषण यायलाच हवं का?

दुसरीघंटा

कृष्णाकाठ, नाही यायला हवं. मी कॉलेजची तीन वर्षं पुरुषोत्तम करंडक केला. ‘केला’ म्हणजे एकदाही रंगमंचावर उजेडात आले नाही. पडद्यामागे होते.

बाहेरच्यांसाठी: पुण्यात महाराष्ट्रीय कलोपासक ही संस्था १९६३ पासून ही आंतरमहाविद्यालयीन एकांकिका स्पर्धा घेते. भरत नाट्य मंदिरात. पुण्यातल्या पोरांचा पावसाळा या स्पर्धेच्या तालमीत जातो.

आमच्याकडे बोलणारे पुष्कळ होते. दिग्दर्शक बोलायचा, नट बोलायचे, माजी विद्यार्थी येऊन तर फारच बोलायचे. माझ्याकडे एक टेबल होतं. त्यावर पांढरा कागद पसरलेला, आणि प्रत्येक वस्तूची पेन्सिलने काढलेली बाह्यरेषा. इथे कंदील, इथे चष्मा, इथे पत्र, इथे स्टीलचा तांब्या. वस्तू वापरून झाली की त्याच रेषेत परत यायची. अंधारात एका नजरेत कळायचं की काय कमी आहे. पहिल्या वर्षी हे टेबल मी लावायचे आणि कोणी वस्तू हलवली की चिडायचे. दुसऱ्या वर्षी एफवायच्या दोन पोरांना टेबल लावायला दिलं. त्यांनी रेषांच्या आत वस्तूचं नाव आणि कुठल्या प्रवेशात लागते तेही लिहिलं. मला वर्षभर हे सुचलं नव्हतं!

प्रयोगाच्या दिवशी नेपथ्य लावायला मोजका वेळ मिळतो. पंधरा माणसं, दोन लेव्हल (चौथरे), एक दार, खिडकी. तिथे कोणी ओरडलं की हमखास काहीतरी चुकतं. मी एकदाही ओरडले नाही, कारण मुळात माझा आवाजच लहान आहे. प्रत्येकाला आपली वस्तू आणि आपली जागा पाठ होती. आज मी एका कारखान्यात वीस जणांची शिफ्ट बघते आणि अजून तेच करते.

तुझ्या कॉलेजच्या नाटकात, टेक फेस्टमध्ये, कुठेही, जे काम कोणी मागत नाही ते माग. जेवणाची कुपनं, पाहुण्यांची ने-आण, हिशोब. ते पूर्ण निभाव, पुढच्या वर्षी ज्युनिअरला शिकव. इंटरव्ह्यूला सांगायला उदाहरण तिथूनच मिळेल, आणि ते सांगताना आवाज कमी कापेल कारण ते खरं असेल.

गवतीचहा

आणि आवाज कापणं कमी करायचं असेल तर टोस्टमास्टर्स क्लब बघ, तिथे लोक एकमेकांसमोर बोलण्याचा सराव करतात. अमेरिकेत सँटा अ‍ॅना इथे १९२४ मध्ये राल्फ स्मेडली यांनी पहिला क्लब काढला, आता आपल्याकडे अनेक शहरांत आहेत. पहिल्याच दिवशी भाषण देत नाहीत. आधी टायमर हो. कोणाला किती वेळ झाला ते हिरवा, पिवळा, लाल रंग दाखवून सांगायचं, शेवटी उभं राहून वेळा वाचून दाखवायच्या. दुसऱ्या वेळी लोक बोलताना किती ‘अं’ ‘आं’ करतात ते मोजायचं. अशी छोटी छोटी कामं करत माणूस उभं राहायला शिकतो. माझ्या बहिणीचं अडखळणं यातून खूप कमी झालं.

कृष्णाकाठ_२१

खूप खूप आभार ताई आणि गवतीचहा. आमच्या डिपार्टमेंटच्या फेस्टला हिशोब ठेवायला कोणी तयार नाहीये. उद्याच सरांना विचारतो.

टाळमृदंग

उशिरा आलो, पण एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही.

माझे वडील माउलींच्या पालखीबरोबर चालायचे, आता मी जमेल तेवढे टप्पे चालतो. संध्याकाळी पालखी तळावर पोचली की समाजआरतीसाठी सगळ्या दिंड्या उभ्या राहतात. हजारो माणसं, शेकडो टाळ. चोपदार हातातला चोप उंच करतात आणि एका क्षणात सगळं शांत होतं. इतकं शांत की लांबचं मूल रडलेलं ऐकू यावं. पण एखाद्या दिंडीची काही तक्रार असेल तर ती दिंडी टाळ थांबवत नाही, वाजवतच राहते. मग चोपदार त्या दिंडीपाशी चालत जातात, गाऱ्हाणं ऐकून घेतात, तोडगा सांगतात. टाळ थांबले की हरवलं-सापडलं पुकारतात आणि मग आरती.

मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा नववीत होतो. ज्याच्या काठीवर एवढा समुदाय गप्प होतो, तो माणूस जे गप्प होत नाहीत त्यांच्याकडे आधी जातो. मला हे फार मोठं वाटतं.

शेंगाचटणी ताई, ऑफिसात माणसं टाळ वाजवत नाहीत. गप्प बसतात, मग एक दिवस राजीनामा देतात. तुमच्या त्या मुलाने टाळ वाजवला, हे तुमचं भाग्य समजा. बाकीच्या पाच जणांकडे तुम्हालाच चालत जावं लागेल. लॅपटॉप न घेता.

मध्यरेषा

हा प्रतिसाद छापून माझ्या टेबलावर लावतोय.

मुक्कामपोस्ट

माझ्या शाखेतल्या सगळ्यात ज्येष्ठ क्लार्कबाईंकडे आज गेले. काम सांगायला नाही, विचारायला. म्हटलं, मला लॉकरची नोंदवही तुमच्यासारखी ठेवता येत नाही, शिकवाल का? पाऊण तास शिकवलं. जाताना म्हणाल्या, उद्यापासून ती माझ्याकडेच राहू दे, तू बाकीचं बघ.

शेंगाचटणी

मंडळी, महिना झाला. गौरी-गणपती आटोपून परत आले आणि आधी इथे लिहायला बसले.

काय केलं ते सांगते. टाळमृदंग दादांनी सांगितलं तसं एकेकाला खाली चहाच्या टपरीवर घेऊन गेले. पहिल्या दोघांनी "सगळं ठीक आहे" म्हणून कटिंग संपवला. तिसरी म्हणाली, तिला टेस्टिंगचा कंटाळा आलाय आणि हे ती वर्षभर कोणालातरी सांगायचं म्हणत होती. मला धक्का बसला, मी समजत होते तिला तेच आवडतं. लातूरच्या मुलाची माफी मागितली. त्याला फार अवघडल्यासारखं झालं, पण मागितली.

मॅनेजरकडे नवे आकडे घेऊन गेले. एका कामाला मी एक दिवस धरायचे, तिथे चार लिहिले. त्यांनी भुवया उंचावल्या, अडीचवर तडजोड झाली. मध्यरेषा, तुमच्यामुळे ही हिंमत झाली.

मग ओढा कुठला ते शोधलं. आमची दर पंधरा दिवसांनी एक छोटी रिलीज (नवे बदल क्लायंटकडे सोडणं) असते, काही बिघडलं तर मागे घेता येते अशी. ती लातूरच्या मुलाकडे दिली. पूर्ण. आधी तीन वेळा नुसती मागे घेण्याची रंगीत तालीम केली, घड्याळ लावून. नेमकी रिलीज गौरी आवाहनाच्या दिवशी आली आणि मी सोलापूरला. संध्याकाळी सात वाजता फोन हातात घेऊन मी देवघरासमोर बसले होते. आई म्हणाली, नैवेद्याचं बघ. फोन दुसऱ्या खोलीत ठेवला आणि पुरण वाटायला बसले. हात थरथरत होते, खोटं कशाला सांगू.

चूक झालीच. टेस्टिंगची एक सेटिंग तशीच पुढे गेली होती. त्याने अठरा मिनिटांत सगळं मागे घेतलं, दुरुस्त केलं, साडेआठला परत सोडलं, आणि क्लायंटला काय झालं ते स्वतःच्या नावाने लिहून कळवलं. मला मेसेज रात्री नऊला आला. "मॅम, झालं. तुम्ही जेवलात का?"

रात्रीचं कोड बदलणं पूर्ण सुटलंय असं नाही. दोनदा लॅपटॉप उघडला, एकदा बंद केला, एकदा नाही केला. पण गेल्या आठवड्यापासून माझा कोडही टीमकडे रिव्ह्यूला जातोय, आधी तो कोणी तपासतच नव्हतं. काल त्या मुलाच्या माझ्या कोडवर सात कमेंट आल्या. त्यातल्या पाच बरोबर आहेत. आता त्या दुरुस्त करायला बसतेय.